द्राक्षकुंडात लपलेला शास्ता

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून पराक्रमाची कथा सांगावी अशी रीत आहे. आपल्या वाडवडिलांनी हे देऊळ कसे उभारले, घंटा कोणी आणविली, वेदी कोणी सजविली, हे सांगण्यास आमच्याहून अधिक अधिकारी अशी वडीलधारी मंडळी येथे बसली आहेत व त्यांचे ऐकण्यास आम्हीही उत्सुक आहोत. आम्हांस नेमून दिलेला विषय निराळा आहे. पवित्र शास्त्रातील एखाद्या पुढाऱ्याच्या चरित्रावरून श्रद्धेचा बोध सांगावा, असे आम्हांस कळविण्यात आले. तेव्हा मोशे, दावीद अशा थोर नावांना वंदन करून आम्ही मुद्दाम अशा एका पुरुषाकडे वळलो आहोत, ज्याला पुढारी होण्याची मुळीच हौस नव्हती. त्याचे नाव गिदोन. शास्त्यांच्या ग्रंथातील ६ ते ८ हे तीन अध्याय त्याच्या चरित्राला दिलेले आहेत, आणि नवव्यात त्याच्या पुत्रांची गती वर्णिली आहे. आज रात्री घरोघरी जपमाळ झाल्यावर हे चार अध्याय वाचावे. अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

काळ मोठा कठीण होता. यहोशवाला जाऊन पिढ्या लोटल्या होत्या, राजा अद्याप कोणी झाला नव्हता, आणि इस्राएलाचे वंश आपापल्या मुलुखांत विखुरले होते. पूर्वेकडून मिद्यानी व अमालेकी लोक उंटांवर बसून यार्देन उतरत, पीक हाती येण्याच्या नेमक्या वेळी येत, आणि थेट गाझापर्यंतचा मुलूख धुऊन नेत. मेंढरू नाही, बैल नाही, गाढव नाही, अशी घरे करून ते परत जात. सात वर्षे हे चालले. लोकांनी डोंगरांत विवरे खोदली, गुहा गाठल्या. पेरणारा एक व खाणारा दुसरा, ही स्थिती ज्याच्या नशिबी सात वर्षे आली त्याच्या मनाचे काय होते, हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्यास सांगावयास नको.

अशा दिवसांत गिदोन आपल्याला प्रथम दिसतो तो एका द्राक्षकुंडात. हे चित्र नीट पाहण्याजोगे आहे. खळे कोठे करतात? उंचवट्यावर, जेथे वारा खेळता असेल तेथे. कारण वाऱ्यावाचून उफणणी होत नाही व भूस दाण्यापासून वेगळे होत नाही. द्राक्षकुंड म्हणजे खडकात कोरलेला खळगा. तेथे वारा कोठला? परंतु उंचावर उभे राहावे तर उंटस्वारांच्या दृष्टीस पडावे. म्हणून हा मनुष्य खळग्यात वाकून थोडासा गहू काठीने बडवीत आहे. मूळ इब्री ग्रंथात येथे जे क्रियापद आले आहे ते बैल फिरवून केलेल्या मळणीचे नव्हे, काठीने झोडण्याचे आहे. रूथने वेचून आणलेले जव झोडले तेथेही तेच आहे. गरिबाची मळणी ती. आणि तीही चोरून.

त्याच क्षणी, अफ्रा गावच्या एला वृक्षाखाली बसलेला देवदूत त्याला शूर वीर म्हणून हाक मारतो आणि परमेश्वर तुझ्यासंगती आहे असे सांगतो. यात थट्टा आहे असे काही टीकाकारांस वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. मनुष्य आज जो आहे त्या नावाने देव त्याला पुष्कळदा हाक मारीतच नाही. तो जो होणार आहे त्या नावाने मारतो. अब्रामाला त्याने राष्ट्रांचा पिता म्हटले, आणि डळमळणाऱ्या शिमोनाला आपल्या प्रभूने खडक म्हटले. गिदोनाचे उत्तर मात्र ऐकण्यासारखे आहे. तो आभार मानीत नाही. परमेश्वर जर आमच्यासंगती आहे, तर हे सारे आमच्या वाट्यास आले कसे, आणि मिसर देशातून सुटकेच्या ज्या अद्भुत गोष्टी वडील सांगत असत त्या आता गेल्या कोठे, असा रोकडा सवाल तो करतो.

कित्येकांना असा प्रश्न विचारणे हेच पाप वाटते. घरचा कर्ता मुलगा गेला, पेरणी वाया गेली, दुखणे हटेना, तरी ओठांवर तक्रार येऊ देऊ नये असे आपल्याला लहानपणापासून सांगण्यात येते. परंतु शास्त्रात काय घडले ते पाहा. देव गिदोनावर रागावत नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तरही देत नाही. तो त्याच्याकडे वळतो आणि, हे जे तुझे बळ आहे ते घेऊन जा व इस्राएलाला सोडव, अशी आज्ञा करतो. कोणते बळ? त्या खळग्यातल्या माणसापाशी बळ म्हणण्यासारखे होते तरी काय? आमच्या मते ती तक्रार हेच त्याचे बळ होय. सात वर्षांत बहुतेकांनी मिद्यान्यांची सवय करून घेतली होती; विवर खोदून त्यात संसार थाटला होता. गिदोनाला मात्र अजून दुःख होत होते. देवाचे वचन व डोळ्यांपुढील स्थिती यांचा मेळ बसत नाही, हे त्याला अजून खुपत होते. ज्याचे खुपणेच थांबले त्याच्या हाती देवाने काय द्यावे?

मग सबब येते. माझे कूळ मनश्शेच्या वंशात सर्वांत दुबळे, आणि घरात मी सर्वांत लहान, असे गिदोन म्हणतो. ही सबब थोडी बारकाईने पाहिली तर हसू आल्यावाचून राहत नाही. त्याच रात्री हा गरीब मनुष्य आपल्या चाकरांपैकी दहा जण बरोबर घेऊन निघतो. गावाची बआलवेदी त्याच्या बापाच्या मालकीची आहे. आणि टंचाईच्या दिवसांत पाहुण्यासाठी तो करडू मारतो व एक एफा, म्हणजे वीस-बावीस लिटर मापाच्या पिठाच्या भाकरी करतो. इतके दारिद्र्य आपल्यापैकी पुष्कळांना चालेल! मोशेने जड जिभेची सबब सांगितली होती, पुढे यिर्मयाने कोवळ्या वयाची सांगितली. गिदोनाने कुळाची सांगितली. देव या सबबी खोडीत बसत नाही. तू लहान नाहीस, असे तो गिदोनाला सांगत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच सांगतो.

येथे पवित्र देऊळमातेच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. इ.स. ३७४ मध्ये इटलीतील मिलान शहरी बिशपांची जागा रिकामी झाली. दोन पक्षांत दंगा होईल म्हणून प्रांताचे अधिपती आंब्रोज हे शांतता राखण्यास देवळात गेले, आणि लोकांनी त्यांनाच बिशप करावे असा गजर केला. त्यांचा तोवर बाप्तिस्मादेखील झालेला नव्हता. त्यांनी सुटकेसाठी नाना युक्त्या केल्या, रात्री शहर सोडून पळण्याचाही यत्न केला. शेवटी थोड्या दिवसांत बाप्तिस्मा व दीक्षा होऊन ते बिशप झाले. पुढे ३८१ च्या सुमारास सम्राट ग्रेशन याच्यासाठी त्यांनी पवित्र आत्म्यावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचा आरंभ त्यांनी कोणत्या कथेने केला असेल? झाडाखाली गहू झोडणाऱ्या गिदोनाच्या. पळू पाहणाऱ्याने पळू पाहणाऱ्याला बरोबर ओळखले, असे आम्हांस म्हणावेसे वाटते.

देवाने गिदोनाला प्रथम रणांगणावर पाठविले नाही. बापाच्या घरी पाठविले. बापाची बआलवेदी पाडावी, तिच्याजवळचा अशेराचा खांब तोडावा, परमेश्वराची वेदी बांधावी आणि त्याच लाकडावर सात वर्षांचा बैल होमार्पण करावा, अशी आज्ञा झाली. जुलूमही सात वर्षांचाच होता. गिदोन या नावाचा अर्थ तोडणारा असा आहे. पण त्या रात्रीपर्यंत त्याने काही तोडल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. परक्या शत्रूविरुद्ध आरोळी देण्यास फारसे धैर्य लागत नाही. आपल्या उंबऱ्याच्या आतील गोष्टीला हात लावण्यास लागते. आमच्या घरांतील बआल दगडाचा नसतो. कोठे तो दारूचा असतो, कोठे हुंड्याचा, कोठे भावाभावांत दोन पिढ्या चाललेल्या बांधाच्या कज्जाचा. आणि बाहेरचा शत्रू कितीही मोठा असला तरी देव आधी त्याच वेदीकडे बोट दाखवितो.

गिदोनाने हे काम रात्री केले, कारण घरच्यांची व गावकऱ्यांची त्याला भीती वाटत होती. शास्त्रकर्ता हे लपवीत नाही, आणि देवाने त्याबद्दल त्याला दोष दिल्याचेही लिहीत नाही. भीत भीत पाळलेली आज्ञा ही पाळलेलीच आज्ञा होय. सकाळी गाव खवळले व मुलाला बाहेर काढ असा हुकूम योवाशाला झाला. तेव्हा ज्याची वेदी मोडली तो बापच उभा राहिला आणि म्हणाला की, बआल खरोखर देव असेल तर त्याचे भांडण त्याने स्वतःच लढावे. मुलाच्या भित्र्या आज्ञापालनाने बापाची जीभ सुटली. त्या दिवसापासून गिदोनाला यरुब्बाल हे दुसरे नाव पडले. हे नाव पुराणवस्तुसंशोधकांच्या हातीही आले आहे. इस्राएलमधील खिर्बेत अर-राई येथील उत्खननात सापडलेल्या एका लहानशा मातीच्या भांड्यावरील शाईची अक्षरे २०२१ साली प्रसिद्ध झाली, इ.स. पूर्व ११०० च्या सुमाराच्या त्या अक्षरांचे वाचन यरुब्बाल असे करण्यात आले आहे. ते स्थळ गिदोनाच्या मुलुखापासून दूर दक्षिणेस असून, हा दुसराच कोणी यरुब्बाल असू शकेल असे संशोधकांनी स्वतःच बजावले आहे. तथापि त्या काळी माणसे हे नाव धारण करीत असत, याची साक्ष त्या खापराने दिली.

लोकरीची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. एका रात्री लोकर दहिवराने भिजली व जमीन कोरडी राहिली. दुसऱ्या रात्री जमीन भिजली व लोकर कोरडी राहिली. या गोष्टीची स्तुती फार ऐकू येते. आमचे मत थोडे निराळे आहे. आज्ञा झाली होती, खडकातून अग्नी निघून अर्पण भस्म झालेले गिदोनाने डोळ्यांनी पाहिले होते, परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर उतरला होता व रणशिंग फुंकताच लोक जमले होते. तरी तो खूण मागतो. आणि दुसऱ्यांदा उलटी खूण मागताना कोप करू नये म्हणून विनवितो, म्हणजे आपण मर्यादा ओलांडीत आहोत हे त्यालाही कळत होते. तेव्हा अमुक झाले तर देवाची इच्छा, तमुक झाले तर नव्हे, अशा चिठ्ठ्या टाकणाऱ्यांनी गिदोनाचा आधार घेऊ नये. थोर आहे ती येथे देवाची सोशिकता. एका भ्यालेल्या माणसासाठी त्याने दोन रात्री आपले दहिवर जेथे हवे तेथे पाडले आणि नको तेथे आवरले.

आणि देऊळमातेने त्या दहिवराचे काय केले पाहा! भोवतालची भूमी कोरडी असता एका लोकरीवर स्वर्गातील दव निःशब्द उतरले, यात संत बर्नार्ड यांच्यासारख्या धर्माचार्यांनी आपल्या पवित्र कुमारी मातेची प्रतिमा पाहिली. मध्ययुगातील चित्रमय बायबलांत मारियेला देवदूताने दिलेल्या निरोपाच्या शेजारी गिदोन व त्याची लोकर काढीत असत. १४३० साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने सुवर्ण लोकरीचा सरदारी संघ स्थापिला तेव्हा ती लोकर ग्रीक पुराणातील जेसनची होती. संघाचे चॅन्सलर असलेल्या बिशपांनी पुढे ती गिदोनाची करून घेतली. मारियेनेही देवदूताला प्रश्न विचारला हे खरे. पण तिने खूण मागितली नाही. तिला ती न मागता मिळाली.

आता हरोदच्या झऱ्याकडे येऊ. गिलबोवा डोंगराच्या पायथ्याशी हा झरा आजही वाहतो. तेथे गिदोनाभोवती ३२,००० लोक जमले होते. पुढे दिलेल्या आकड्यांची बेरीज केली तर शत्रू १,३५,००० होता. तरी देव म्हणतो की लोक फार झाले, आपल्याच हाताने सुटलो अशी बढाई ते मारतील. जो कोणी भ्याला असेल त्याने परत जावे असा पुकारा झाला. अनुवादाच्या ग्रंथात तसा नियमच आहे. त्यासरशी २२,००० निघून गेले. उरलेल्या १०,००० तून, पाणी ओंजळीने तोंडाशी नेऊन चाटून पिणारे ३०० निवडण्यात आले व बाकीच्यांना आपापल्या ठिकाणी धाडण्यात आले. चाटून पिणारे अधिक सावध होते, म्हणून ते निवडले, असे पुष्कळ जण सांगतात. शास्त्रात तसे कारण दिलेले नाही. लोक थोडे व्हावे हाच हेतू तेथे स्पष्ट आहे. ग्रीक लिपीत ३०० हा आकडा टाव या अक्षराने लिहितात व त्या अक्षराचा आकार क्रूसासारखा असतो, हे संत आगुस्तीन यांनी येथे दाखवून दिले आहे. ज्यांना असे अर्थ आवडतात त्यांनी तो जरूर मनात ठेवावा.

आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. हरोद या नावात थरकापाचा अर्थ आहे. त्या झऱ्यावर सर्वांत अधिक कोण कापत होते? ज्याने चोरून गहू झोडला, रात्री वेदी पाडली, दोनदा खूण मागितली, तो गिदोन! भ्यालेल्यांनी घरी जावे हा नियम काटेकोर पाळला असता तर पहिला तोच घरी जावयाचा. मग २२,००० भित्रे परत गेले, आणि हा तेवीसावा हजारी भित्रा सेनापती कसा राहिला? बंधुभगिनींनो, आमच्या समजुतीने या चरित्राचे मर्म येथे आहे. त्या लोकांच्या भीतीने त्यांना घराची वाट दाखविली. गिदोनाची भीती त्याला दर वेळी देवापुढे घेऊन गेली. त्याने ती देवापासून कधी लपविली नाही. त्याच रात्री देवाने त्याला सांगितले की, उठून छावणीवर जा. आणि जाण्याची भीती वाटत असेल तर आधी आपला चाकर पुरा याला घेऊन खाली उतर व ते लोक काय बोलतात ते ऐक. गिदोनाने पुराला बरोबर घेतले. यावरून काय ते समजावे.

खाली छावणीच्या कडेला अंधारात त्याने दोन शिपायांचे बोलणे ऐकले. एकाला स्वप्न पडले होते की जवाची एक भाकर गडगडत आली, तंबूला धडकली व तंबू उलथून पडला. जव हे गरिबांचे अन्न. गहू लपवून झोडावा लागत होता त्या दिवसांत इस्राएलाच्या घरी आणखी काय शिजणार? दुसऱ्या शिपायाने त्याचा अर्थ सांगितला की ही गिदोनाची तलवार. ज्या वचनावर गिदोनाचा विश्वास देवदूताच्या मुखातून ऐकून बसला नाही, तो शत्रूच्या तोंडून ऐकून बसला. त्याने तेथेच, शत्रूच्या छावणीच्या कडेला, देवाला दंडवत घातले.

लढाई थोडक्यात सांगतो. तीन टोळ्या, हातात शिंगे, रिकाम्या घागरींत पेटत्या मशाली. मधल्या प्रहराच्या आरंभी पहारे नुकतेच बदलले असता शिंगे वाजली, घागरी फुटल्या, उजेड पडला, आणि घाबरलेले मिद्यानी एकमेकांवरच तलवारी चालवीत यार्देनकडे पळत सुटले. फुटणाऱ्या घागरी म्हणजे हुतात्म्यांची शरीरे, आणि आतील मशाली म्हणजे ती मोडल्यावर प्रकट होणारे तेज, असा अर्थ थोर संत ग्रेगरी यांनी केला आहे.

बहुतेक प्रवचने येथे थांबतात. आम्ही थांबत नाही, कारण महोत्सव करणाऱ्या लोकांना आठव्या अध्यायाची गरज सहाव्याहून अधिक आहे. आठव्या अध्यायात गिदोन भीत नाही. आरंभ चांगला आहे. आम्हांला आधी का बोलाविले नाही म्हणून एफ्राइमी लोक भांडावयास आले, तेव्हा त्याने गोड शब्दांनी त्यांचा राग शांत केला. आमच्या साऱ्या द्राक्षतोडीहून तुमचा सरवा मोठा, असे त्यांना सुचविले. मानापमानाच्या भांडणात असे उत्तर देणारा पुढारी प्रत्येक मंडळाला एक तरी मिळावा. परंतु त्यानंतर तो थकलेल्या ३०० जणांसह यार्देनपलीकडे सुक्कोथला गेला व त्याने भाकरी मागितली. तेथील वडिलांनी ती नाकारली. मिद्यानी राजे अद्याप मोकळे होते. ते परत आले तर आपले काय होईल, याचे त्यांना भय होते. पनुएलच्या लोकांनीही तेच उत्तर दिले. गिदोनाने दोन्ही ठिकाणी सूडाची प्रतिज्ञा केली आणि परत येताना ती पुरी केली. एका तरुणाकडून सुक्कोथच्या ७७ वडिलांची नावे लिहून घेऊन त्यांना रानातील काट्यांनी शासन केले. पनुएलचा बुरूज पाडला व गावचे पुरुष मारले. ते मिद्यानी नव्हते. त्याचेच भाऊबंद होते. ज्याची भीती देवाने इतक्या रात्री सोसली, त्याला दुसऱ्याची भीती सोसवली नाही.

पुढे पकडलेल्या दोन राजांना ठार करण्यास त्याने आपला थोरला मुलगा येथेर याला सांगितले. त्याने तलवार उपसली नाही. तो अजून कोवळा होता व त्याला भय वाटले. त्या मुलाच्या रूपाने द्राक्षकुंडातील गिदोनच पुन्हा उभा होता. गिदोनाने त्याला ओळखले नाही.

हे अध्याय पुन्हा वाचाल तेव्हा एक गोष्ट पाहून घ्या. सहाव्या व सातव्या अध्यायांत देव गिदोनाशी पदोपदी बोलतो. आठव्यात देवाचे नाव गिदोनाच्या तोंडी वारंवार आहे; देवाचा शब्द मात्र एकदाही नाही, आणि गिदोनाने काही विचारल्याचेही नाही. भीती होती तोवर तो विचारीत होता.

लोकांनी त्याला राज्य देऊ केले. मी नाही, माझा पुत्रही नाही, तुमच्यावर परमेश्वरच राज्य करील, असे सांगून त्याने ते नाकारले; सबंध चरित्रातील हे त्याचे सर्वांत उदात्त वाक्य होय. पण त्याच बैठकीत त्याने लुटीतील कुंडले मागितली. लोकांनी आनंदाने वस्त्र पसरले व त्यावर ती टाकली. सोने भरले १७०० शेकेल. शेकेल म्हणजे जवळजवळ आपला तोळाच; तेव्हा साडेसोळाशे तोळ्यांच्या आसपास. त्याचे त्याने एफोद केले आणि आपल्या अफ्रा गावी ठेवले. एफोद हे याजकाचे वस्त्र. त्याच्या योगे देवाचा कौल घेत. त्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. विजयाचे स्मारक व्हावे, देवाचे स्मरण राहावे, असेच त्याला वाटले असेल. पण सारे इस्राएल त्या वस्तूच्या नादी लागले, आणि ती गिदोनाला व त्याच्या घराण्याला पाश झाली. ज्या गावात त्याने बापाची वेदी मोडली, त्याच गावात त्याने मुलांसाठी हा पाश ठेवला.

महोत्सवाच्या वर्षी वस्त्र पसरले जाते व लोक आनंदाने देतात, दिलेही पाहिजे. देवाच्या घराची शोभा हा आपल्या पूर्वजांचा अभिमान होता व आपलाही आहे. परंतु जमलेल्या निधीचे काय करावे हे ठरविण्यास जी मंडळी बसतील त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की, फलकावर कोणाचे नाव कितव्या ओळीत यावे या प्रश्नाआधी, या धर्मग्रामात कोणाची मुले फीपायी शाळेतून निघाली आणि कोणाच्या घरी औषधाला पैसा नाही, याची यादी त्या मेजावर असावी. ती वाचून झाल्यावर प्रार्थनेला थोडा वेळ द्यावा, आणि मग आकडे लिहावे.

गिदोनाच्या कारकिर्दीत देशाला ४० वर्षे स्वास्थ्य मिळाले. त्याला ७० पुत्र होते, आणि शखेम येथील उपपत्नीपासून आणखी एक. त्याचे नाव अबीमलेख, म्हणजे माझा पिता राजा. राज्य नाकारणाऱ्याच्या घरी हे नाव कसे आले, याचा उलगडा शास्त्र करीत नाही. बाप मरताच या अबीमलेखाने आपल्या ७० भावांना एकाच दगडावर मारविले व तो राजा झाला. धाकटा योथाम तेवढा लपून राहिला म्हणून वाचला.

त्याने गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभे राहून शखेमकरांना ओरडून एक दृष्टांत सांगितला. झाडे आपल्यासाठी राजा शोधावयास निघाली. जैतुनाने आपले तेल सोडून येण्यास नकार दिला, अंजिराने आपला गोडवा सोडून, द्राक्षवेलीने आपला रस सोडून. मग काटेझुडूप हो म्हणाले. आणि माझ्या सावलीला या, नाहीतर माझ्यातून आग निघेल, असेही म्हणाले. हा दृष्टांत गिदोनाच्या मुलाने सांगावा हे विशेष आहे. जैतून, अंजीर व वेल यांची सबब खोटी नव्हती. प्रत्येकाला खरेच काम होते. आपल्या धर्मग्रामातही सोदालिटीचा चिटणीस निवडावयाची वेळ आली, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देण्यास कोणी हवे झाले, किंवा एखाद्या घरी गुरुपदाचे पाचारण असलेला मुलगा असला, की चांगल्या माणसांपाशी खरीखुरी कामे असतात. गिदोनापाशीही होते, तो गहू झोडीत होता. नकार आपल्या लहानपणाच्या जाणिवेतून येतो की आपल्या तेलाच्या प्रेमातून, हे ज्याने त्याने आपल्या अंतःकरणात देवापुढे पाहावे. बाहेरून ते ओळखता येत नाही. काटेझुडपाला कोणी दुसरे काम नसते.

बोलून झाल्यावर योथाम बएर गावी पळून गेला आणि भावाच्या भयाने तेथेच राहिला.

एवढे सारे असूनही इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात श्रद्धावानांच्या मालिकेत गिदोनाचे नाव आले आहे, आणि रोमन देऊळसभेच्या जुन्या संतस्मरणिकेत १ सप्टेंबर रोजी यहोशवाबरोबर त्याचेही स्मरण केलेले आहे. त्याच्या विजयाचा उल्लेख तर आपण दर वर्षी ऐकतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात पहिले वाचन यशयाच्या ग्रंथातील असते. अंधारात चालणाऱ्यांना प्रकाश दिसल्याचे तेथे वर्णन आहे, आणि त्यांच्या मानेवरील जू कसे मोडले हे सांगताना संदेष्टा मिद्यानाच्या दिवसाची आठवण देतो. येत्या नाताळी ते वाचन चालू असता कान देऊन ऐकावे. मिद्यानाचे नाव त्यात आहे, गिदोनाचे नाही.